डावीकडे काय दिसतंय, अण्णा?

दोन हजार पंचवीस साल. विनायकराव, तुम्ही एकाहत्तर वर्षांचे होतात आणि मी तुमच्याहून तीनेक वर्षांनी थोरला. म्हणजे रांगेत माझा नंबर आधी होता. तुम्ही मधून घुसून पुढं निघून गेलात. तुमची ही खोड मला पोरांच्या लग्नातच दिसली होती. फोटो काढताना मुलीचा बाप मुलाच्या बापाच्या पुढं येऊन उभा राहिला. तेव्हाच मनाशी म्हटलं, या व्याह्यावर नजर ठेवली पाहिजे.

ठेवली. शेवटपर्यंत ठेवली. तरी तुम्ही मला चकवलंत.

तुमची नोकरी, तुमचं पुणं, अमेरिकेत कधी आलात, मंडळात काय काय केलंत, ते सगळं लोक बोलले. चांगलं बोलले. मी ते लिहीत बसणार नाही. मी चौथी शिकलेला माणूस, आयुष्यभर ट्रक चालवला, मला शोकसभेतलं बोलणं जमत नाही. मला तुमच्याशी एक भांडण पुरं करायचं आहे. तुम्ही ते अर्ध्यात टाकून गेलात.

सुरुवात तुमच्याकडून झाली, हे कबूल करा. माझी मंडळी वारली आणि मुलानं, संदीपनं, मला सांता क्लाराला आणलं. मुलगा-सून दोघं कामावर. दिवसभर घरात मी आणि फ्रीजची घरघर. बाहेर पडावं तर रस्त्यावर माणूस दिसत नाही, दिसला तर कुत्र्याला फिरवत असतो आणि "हाय" म्हणून पळतो. अशात एका रविवारी तुम्ही आलात, चहा घेतलात आणि म्हणालात, "अण्णा, तुम्ही घाटात ट्रक चालवायचात ना? वाळवंटात चलता का?"

"काय करायला?"

"झाडं नोंदवायला."

"वाळवंटात झाडं?"

"म्हणून तर नोंदवायची."

मी विचारलं, कोणी सांगितलंय? तुम्ही म्हणालात, कुणी नाही. सिएराच्या डोंगरांपलीकडं मोठमोठी पार्कं आहेत, त्यांतल्या आडबाजूच्या दऱ्यांत काय काय आपोआप उगवतं याची नीट यादी कुणी केलेली नाही, पार्कवाल्यांनी परवानगी दिलीय, निवृत्त झाल्यापासून हेच करतोय. मी विचारलं, मग यात तुमचं काय? तुम्ही नुसते हसलात. मी ते लक्षात ठेवलं. साध्या प्रश्नाला जो हसून दाखवतो त्याच्या पोटात काहीतरी असतं.

आणि पोटात काय असणार, हे मला त्याच दिवशी कळलं असं वाटलं. सून स्वयंपाकघरात उभी होती आणि तिच्या तोंडावर सुटल्यासारखा भाव होता. म्हटलं, अच्छा. म्हाताऱ्याला घरात करमत नाही, बाबा, तुम्ही घेऊन जा, असं बापलेकीचं ठरलेलं दिसतंय.

तरी आलो. घरघर ऐकण्यापेक्षा बरं म्हणून आलो. इथलं लायसन मी हिंदीत परीक्षा देऊन पहिल्या फटक्यात काढलं होतं, तुमची ती उंच गाडी चालवून बघायची इच्छाही होती, खोटं कशाला बोलू. पण मनात एक कुसळ होतं. आमच्या सिन्नरकडं मुलाच्या बापाला मुलीचा बाप पाट मांडून देतो. आणि इथं मी, मुलाचा बाप, मुलीच्या बापाचा ड्रायव्हर. गावाकडं कळलं असतं तर लोकांनी पारावर बसून मला नावं ठेवली असती. मी ठरवलं, ड्रायव्हर म्हणून नेत असाल तर एक वेळ सोसेन. दया म्हणून नेत असाल तर नाही. एवढी एकच गोष्ट मला शोधून काढायची होती, विनायकराव. शेवटपर्यंत तेवढीच.

पहिल्याच खेपेला तुम्ही माझा जीव घेतला होता. डांबरी रस्ता संपला, मग खडीचा संपला, मग नुसती वाळलेल्या ओढ्याची वाळू. मी गाडी लावून पाणी प्यायला वळलो आणि परत बघतो तर तुम्ही पालथे पडलेले. तोंड जमिनीत, टोपी बाजूला. मी "व्याही! व्याही!" करत धावलो. तुम्ही तसेच पडल्या पडल्या हात वर केलात, "अण्णा, सावली हलवू नका." डोळ्याला भिंग, भिंगापुढं एक जांभळं फूल, मुंगीनं डोक्यावर घेऊन पळावं एवढं. तुम्ही म्हणालात, ही पोटावर झोपून बघायची फुलं. पाऊस पडला त्या वर्षी येतात, पंधरवड्यात आवरून जातात. मी म्हटलं, एवढ्याशासाठी तुम्ही मला मारणार होता. तुम्ही एवढे हसलात की नाकात वाळू गेली.

मग त्यातलं एक रोप उपटलंत. एका जागी भरपूर असली तरच एक घ्यायचं, चार-दोनच असली तर हात लावायचा नाही, ही तुमची शिस्त मला आवडली. मग ते वर्तमानपत्राच्या घडीत, वर पुठ्ठा, परत घडी, परत पुठ्ठा, वर-खाली लाकडी जाळी आणि पट्टे. तुम्हाला पट्टे आवळता यायचे नाहीत. मी ट्रकवर मालाची दोरी आवळतो तसा गुडघा लावून आवळला, तर तुम्ही म्हणालात, "वा. आता हे वाळेपर्यंत दाबात राहील." त्या दिवसापासून बांधायचं काम माझं. खरं सांगू का, ते काम मला आवडायचं. पण मी तुम्हाला तसं दिसू दिलं नाही.

दुपारी तुम्ही एकेका रोपासाठी चिठ्ठी लिहायला बसलात. जागा, तारीख, उंची, आजूबाजूला काय, आणि खाली घेणाऱ्याचं नाव. म्हणालात, "अण्णा, तुमचंही नाव घालतो. बरोबर कोण होतं ते लिहायची पद्धत आहे."

मी तुमचा हात धरला. म्हटलं, सरकारी जंगलातलं झाड उपटलं आणि वर नाव, जागा, तारीख लिहून द्यायची? हा तर सहीनिशी कबुलीजबाब झाला. तुमचं इथं सगळं पक्कं आहे, माझं ग्रीन कार्ड नवंकोरं. उद्या कोणी हे उकरून काढलं तर?

"अण्णा, परवानगी आहे हो. कागद गाडीत आहे."

"परवानगी तुमच्या नावाची."

"मी सांगतो ना..."

"माझं नाव घालायचं नाही."

तुम्ही पोट धरून हसलात, खोकला येईपर्यंत. पण घातलं नाहीत. नंतर कधी विचारलंही नाहीत. मग मला त्याचाही संशय आला, की हा माणूस एवढ्या सहज कसा तयार झाला? त्या वाळलेल्या रोपांच्या चिठ्ठ्यांवर आज नुसते तुम्हीच आहात. माझं नाव असावं असं आता वाटतं का? वाटतं. पण मी कोणाला सांगणार नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आता कोणाला सांगू शकत नाही.

एक मात्र होतं, आपलं दोघांचं एका बाबतीत पटायचं. तुम्ही झाडावर संशय घ्यायचात आणि मी माणसावर. एकदा मी गाडीतूनच ओरडलो, "अहो, धोतरा! आपला महादेवाचा धोतरा!" पांढरं कर्ण्यासारखं फूल, तीच पानं, तोच वास. तुम्ही उतरलात, पान चुरगळलंत, बोंड उलटसुलट केलंत, भिंगातून बघितलंत आणि म्हणालात, "धोतरा आहे. पण तुमच्या गावचा नव्हे. दिसतो तसा धरायचा नाही, अण्णा. दोघांचं आडनाव एक, घर वेगळं."

"म्हणजे तुमच्या-माझ्यासारखं."

"आपलं आडनाव कुठं एक आहे?"

"घर एक आहे ना. पोरांचं."

त्या रात्रीच्या मुक्कामाला तुम्ही तुमच्या वाटणीचा लाडू माझ्या पानात टाकलात. मी तोही दोन्ही बाजूंनी बघून खाल्ला.

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही मला सांगितलं होतं, डोळे थकले, लांबचं ड्रायव्हिंग झेपत नाही, म्हणून तुम्ही हवेत. आणि मग मी काय बघितलं? चालत्या गाडीतून, समोरच्या दरडीवर, मोहरीएवढं पिवळं फूल दिसून तुम्ही "थांबा थांबा" म्हणायचात. मी उतरून बघितलं तरी मला दिसायचं नाही. बोटानं दाखवलं तर दिसायचं. मग सांगा, ज्याला दरडीवरची मोहरी दिसते त्याला रस्ता दिसत नाही? मी ट्रकवर किन्नर, म्हणजे क्लीनरची पोरं, ठेवली आहेत, कोणाचा डोळा कसा हे मला कळतं. तुमचा डोळा घारीचा होता. म्हणजे डोळ्याचं निमित्त खोटं. म्हणजे ड्रायव्हर नको होता. म्हणजे राहिलं काय? दया.

त्यात आणखी तुमचा तो खेळ. गाडी सुरू झाली की, "डावीकडे काय दिसतंय, अण्णा?" मी सांगायचं, पिवळं काहीतरी, गुडघ्याएवढं. "आणि उजवीकडे?" राखाडी झुडूप, काटे आहेत. मग तुम्ही आख्खी मान वळवून, अंगच वळवून तिकडं बघायचात आणि म्हणायचात, "शाब्बास. थांबवा." शाब्बास! मला वाटायचं, लहान पोराला गाडीत कंटाळा येऊ नये म्हणून मास्तर कोडी घालतो, तसं चाललंय. मी मुद्दाम कधीकधी सांगायचोच नाही. गप्प बसायचो. तर तुम्ही परत विचारायचात. चिकाटी तुमची.

मग ती मोटेलची सकाळ. गेल्या वर्षीच्या वसंतातली. मी गाडीची काच पुसत होतो, तुम्ही खोलीच्या दारात पाठमोरे, फोनवर तुमची लेक, आमची सून मृण्मयी. तुम्ही म्हणालात, "अगं, मी ठीक आहे. मी काय, जाऊन-येऊन असतोच. अण्णांना घरी करमत नाही गं, त्यांना बरं वाटतं म्हणून नेतो."

माझ्या हातातलं फडकं तिथंच थांबलं. दिवसभर गाडी चालवली, पट्टे आवळले, डावीकडचं सांगितलं, उजवीकडचं सांगितलं. पण घरी आलो तो ठरवूनच. परीक्षा घ्यायची. पुढच्या खेपेच्या आदल्या दिवशी फोन केला, कंबर धरलीय, येत नाही. म्हटलं, बघू आता. एकटा गेला तर मी उगाचचा होतो हे ठरलं.

तुम्ही खेप रद्द केलीत. म्हणालात, "अण्णा नाहीत तर मीही नाही." मी रात्रभर विचार केला. ही माया म्हणायची का नाटक? दया करणाराही असंच बोलतो. गरज असलेलाही असंच बोलतो. परीक्षा मीच घेतली आणि मीच नापास झालो.

शेवटी या मार्चमध्ये विचारलं. आठवतं ना? डोंगरातून उतरताना तो पाण्याचा झरा लागतो, तिथं गाडीच्या बॉनेटवर डबा उघडला होता. तुम्ही थालीपीठ तोडत होतात.

"विनायकराव, मला कशाला आणता?"

"गाडी चालवायला."

"आणि पोरीला काय सांगता?"

तुमचा घास थांबला. "चोरून ऐकता तुम्ही?"

"चोरून कशाला? ऐकू आलं."

"मग अर्धंच ऐकलंत."

"उरलेलं सांगा."

लोणच्याचं तेल बोटावरून ओघळत होतं, तुम्हाला भान नव्हतं. मग म्हणालात, "पुढच्या खेपेला सांगतो. नक्की." आणि वर आणखी, "रागावू नका हो, व्याही. तुम्ही रागावलात की गाडी जोरात नेता."

मी जोरातच नेली. पुढची खेप आलीच नाही. फोन आला तो संदीपला, मग मृण्मयीच्या भावाला, मग पार्सिपनीच्या तुमच्या बहिणीला, आणि मला सगळ्यांत शेवटी, भाजी निवडता निवडता कळलं. छातीत कळ आली आणि संपलं. मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? वाटलं, याला सांगायचं नव्हतं म्हणून हा गेला. असं वाटलं, मग रडू आलं. त्याच क्रमानं.

तेराव्याचं जेवण आमच्या संदीपच्या घरीच केलं. रविवार होता. माणसं खूप आली. त्यांत एक गोरी बाई, पांढऱ्या केसांची, हातात काठी, बुटांना वाळू. मृण्मयीनं सांगितलं, ही लिंडा, बाबांबरोबर झाडांची कामं करायची, आधीच्या वर्षांत. मी ऐकून होतो. बाई ताटात वरणभात घेऊन थेट माझ्याजवळ येऊन बसली. माझं इंग्रजी ट्रकमागच्या 'हॉर्न ओके प्लीज'एवढं. पण ती सावकाश बोलली.

"यू आर अण्णा. द व्याही." उच्चार असा की मला हसू आलं. म्हणाली, विनायकनं सांगितलं होतं की या नात्याला इंग्रजीत शब्दच नाही, तुम्हा गोऱ्या लोकांनी त्याचा विचारच केला नाही. मग भाताचा घास हातात तसाच ठेवून म्हणाली, तुम्ही नसता तर त्याचं काम तेव्हाच संपलं होतं.

मी म्हटलं, व्हाय?

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला वाटत होतं मला माहीत आहे. म्हणाली, त्याचे डोळे. समोरचं सगळं स्वच्छ दिसायचं, सुई ओवील असं. पण कडेचं गेलं होतं. आणि तिनं स्वतःच्या डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना तळहात धरले, घोड्याला झापड लावतात तसे. म्हणाली, काचबिंदू. दोन-तीन वर्षांपूर्वी एका पार्कात त्यानं गाडी वळवली आणि माझ्या गाडीचा आरसाच तोडला, मी तिथं उभी असून त्याला दिसले नाही. त्या दिवशी त्यानं मला सांगितलं. डॉक्टरनं आधीच गाडी बंद केली होती. मी त्याच्या हातून किल्ली घेतली. तो म्हणाला, मग मला व्याह्यांना विचारावं लागेल. दोन महिने त्याला विचारायची हिंमत होत नव्हती.

"हिंमत?" मी म्हटलं.

"ही सेड यू आर व्हेरी प्राउड."

मी! विनायकराव, मी?

मग ती म्हणाली, "ऑफ कोर्स यू न्यू." तुम्हाला माहीत असणारच. आणि मी मान डोलावली. माहीत नव्हतं म्हणायला जीभ वळेना. परक्या बाईसमोर कसं सांगू की शेजारच्या सीटवर बसणाऱ्या माणसाचं मला कळलं नाही, आणि कळलं ते हिला?

उठताना तिनं एक विचारलं. त्याच्या मुलीनं डोळे दाखवले का? हे घराण्यात उतरतं. तो म्हणत होता, हा वसंत पार पडला की तिला सांगतो. सांगितलं ना?

मी परत मान डोलावली. आणि बाई गेली.

मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो. आधी तर मला तिचाच संशय आला. म्हटलं, सुनेनं पढवून पाठवली असेल, म्हाताऱ्याच्या जिवाला बरं वाटावं म्हणून. पण मग एकेक आठवायला लागलं. चहाचा कप नेहमी तुमच्या पुढ्यात, बरोब्बर मध्ये ठेवावा लागायचा, बाजूला ठेवला की सांडायचा. निवडुंगावर तुम्ही कायम खांद्यानं आपटायचात, छातीनं कधी नाही. मोटेलच्या दाराची चौकट. लग्नाच्या फोटोचं मी सोडून देतो, तेव्हा तुम्ही निव्वळ आगाऊ होतात. पण डावीकडे काय, उजवीकडे काय? तो खेळ नव्हता. तुम्हाला दोन्ही बाजूंना अंधार होता आणि तुम्ही माझ्याकडून उजेड मागत होतात. आणि मी मुद्दाम गप्प बसलो की परत मागत होतात.

मग तो डोंगरातला अरुंद रस्ता आठवला. दरी तुमच्या बाजूला, कठडा नाही. संदीप एकदा आला होता, त्यानं डोळे मिटून दार धरून ठेवलं होतं. तुम्ही त्या रस्त्यावर झोपायचात. तोंड उघडं टाकून, घोरत. मला राग यायचा, की मी जीव मुठीत धरून चालवतोय आणि हा साहेबासारखा झोपलाय. ज्या माणसानं धोतऱ्यावर विश्वास ठेवला नाही, बोंड उलटं करून बघितल्याशिवाय कशाला नाव दिलं नाही, तो न दिसणाऱ्या दरीच्या कडेला माझ्या भरवशावर झोपायचा. एवढा भरवसा माझ्यावर माझ्या बापानं टाकला नव्हता. हे तुम्ही तोंडानं सांगितलं असतं तर तुमच्या तोंडाचं काय झिजलं असतं?

नाही सांगितलंत. लेकीला कळलं तर ती वाळवंट बंद करील, म्हणून तिला सांगितलंत की अण्णांसाठी जातो. आणि मला सांगितलं तर मी तिला सांगीन, असं तुम्हाला वाटलं. मी सांगितलं नसतं! हे मी तुम्हाला ठणकावून सांगतो. तुम्ही माझ्यावर जीव सोपवलात पण गुपित सोपवलं नाहीत. याचा राग आहे. तो मी मेलो तरी राहील.

पण आता गुपित माझ्याकडं आलं होतं, आणि ते पोरीच्या डोळ्यांचं होतं. मग संशय माझ्यावरच आला. म्हटलं, म्हाताऱ्या, तू हे तिच्या डोळ्यांसाठी सांगणार का तुझ्या मानासाठी? तिला कळलं पाहिजे का, की तिच्या बापाला तुझी गरज होती, तुझ्यावर दया नव्हती? मी पायरीवर बसून दोन्ही बाजूंनी बघितलं. मला वेगळं करता आलं नाही. दोन्ही होतं. म्हटलं, असू दे. मान मिळाला तर मिळाला, डोळे तर वाचतील.

पाहुणे गेल्यावर मृण्मयी भांडी मशीनमध्ये लावत होती. मी सांगितलं. सगळं सांगितलं.

ती हातातलं पातेलं घेऊन तशीच उभी राहिली. "अण्णा, नो. बाबा मला म्हणाले होते, तुम्हाला बरं वाटतं म्हणून..."

"खोटं बोलले ते."

"आज? तुम्ही हे आज सांगताय?" तिचा आवाज चढला. "ते गेलेत, अण्णा! तुम्हाला अजून त्यांच्याशी जिंकायचंय? यू टू वेअर ऑलवेज लाइक धिस. कोण पुढे, कोण मागे."

संदीप मध्ये पडायला आला. मी त्याला हातानं थांबवलं. मी म्हटलं, "पोरी, मी हरलो म्हण. मी त्यांचा नोकर होतो म्हण. काय म्हणायचं ते म्हण. पण डोळे दाखव."

तिनं पातेलं मशीनमध्ये ठेवलं, परत काढलं, परत ठेवलं. मग एकदम म्हणाली, "दिवाळीला त्यांनी माझ्या हातातून फराळाचं ताट पाडलं. आय वॉज स्टँडिंग राइट देअर. मी त्यांच्यावर ओरडले, अण्णा. बाबा, लुक व्हेअर यू आर गोइंग, असं ओरडले." आणि ती खाली फरशीवर बसली. मी पण बसलो, गुडघे करकरले. विनायकराव, तुमची लेक तुमच्यासारखी रडते, आवाज न करता, नाक वर ओढून. मला तिच्या डोक्यावर हात ठेवायला वेळ लागला, आमच्यात सुनेच्या डोक्यावर असा हात ठेवत नाहीत. पण ठेवला.

मग तिनं तिथंच बसून फोनवर बटणं दाबली. डोळ्यांच्या डॉक्टरकडं कोणाचं तरी कॅन्सल झालं होतं, उद्या सकाळचीच वेळ मिळाली. संदीप म्हणाला, मी सुट्टी टाकतो. ती म्हणाली, नको, मी जाईन ड्राइव्ह करून, दहा मिनिटांवर तर आहे. मग तिनं फोनवरचं पुढचं वाचलं आणि तोंड पुसलं. तपासायच्या आधी डोळ्यांत औषध घालतात, त्यानंतर काही तास धूसर दिसतं, गाडी चालवता येत नाही. बरोबर कोणीतरी चालवणारं आणा, असं लिहिलं होतं.

तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं नीट बघितलं, ही दया तर नाही ना म्हणून. कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, पुढची काच आतून-बाहेरून पुसली, आणि सुनेला शेजारी बसवून गाडी बाहेर काढली.